शर्टाच्या आतली पट्टी

कट्टा, ४ डिसेंबर

चि. संचिता,

आशीर्वाद. नको असला तर बाजूला ठेव, पण मामाने भाचीला लिहायचं तर दुसरी सुरुवात मला येत नाही. माझा फोन तू उचलत नाहीस, शेजारच्या हौसाबाईचा उचलतेस. पुण्याचा पत्ता तिनेच दिला. देताना म्हणाली, "लिव, पण खरा काय ता लिव. नायतर पोस्टमनाक फुकट कित्याक चालवतंस?" तिचं तोंड तुला ठाऊक आहे.

दुकानातून लिहितो आहे. शाळेच्या सव्वीस खाकी चड्ड्या पुढ्यात आहेत, समोर मालवणची एसटी लागली आहे. इकडे सगळं ठीक. माझे गुडघे ठीक. तू कपड्यांच्या मोठ्या कारखान्यात लागलीस असं कळलं. दिवसाला दोन हजार कॉलर तपासतेस म्हणे. दोन हजार! मी चाळीस वर्षं शिवतोय, पण पाच वर्षांत तरी तेवढ्या कॉलरी लावल्या असतील की नाही, देव जाणे.

घरामागच्या शेडमधलं काही हलवलेलं नाही. तुझी कात्री खिळ्याला आहे, धोंडूचे ब्रश करवंटीत आहेत. रंगासाठी आणलेल्या ऐनाच्या सालीच्या पोत्याला वाळवी लागली, तेवढं बाहेर काढलं. दारावर ‘सवड’ ही तुझी पाटी आहे तशी आहे. ते नाव ऐकून मी किती हसलो होतो! शिंप्यानेच नाव सवड ठेवलं तर गिऱ्हाईक लग्नाचा कोट बारशाला नेणार. तू म्हणालीस, "मामा, घाईचे कपडे जगात पुरे झाले." हातमागाचं कापड, हौसाबाईचा रानातल्या सालीचा रंग, पिंगुळीच्या धोंडूची चित्रं आणि शिवण माझी. आणि कॉलरच्या आत एक पट्टी, ज्याचा ज्याचा हात लागला त्याचं नाव. रंगवलं कोणी, चित्र कोणाचं, शिवलं कोणी. जन्मभर लोकांचे शर्ट शिवले गो, पण एकाही शर्टात माझं नाव नव्हतं. पहिल्या पट्टीवर ‘शिवण : भिकाजी’ वाचलं आणि मी चष्मा पुसायला आत गेलो. चष्मा स्वच्छच होता.

जाताना उंबऱ्यावर तू जे बोललीस ते मला पाठ आहे. "गावपळणीत, गाव रिकामो आसताना, जो आत गेलो, तो देवळात सगळ्यांसमोर आपला नाव सांगतलो, त्या दिवशी मी येतलंय. तवसर नाय." आता वर्ष होत आलं. ज्याने केलं त्याने केलं. गाव विसरला. तूही विसर आणि चार दिवस ये. घावणे करीन.

तुझा मामा,
भिकाजी


कट्टा, १७ डिसेंबर

चि. संचिता,

उत्तर नाही. बरं.

गाव विसरला असं मी मागे लिहिलं होतं. ते खोटं. परवा धोंडू मालवणला जायला म्हणून इथे एसटी बदलायला उतरला. खांद्याला तीच पिशवी. थांब्यावर आपल्या वाडीतले तिघे बसले होते. एक त्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "देवाक फसवलेल्यान आमच्या बाजूक बसा नको." धोंडू उठून उन्हात उभा राहिला. वीस मिनिटं गाडी नव्हती. मी दुकानात होतो. हातातल्या काजाकडे खाली मान घालून बसलो, इतकंच.

माझ्या मनात पुन्हा पुन्हा तेच येतं. चाळीस शर्टांची ती मुंबईची ऑर्डर, आपली पहिली मोठी. कापड तांब्याच्या हंड्यात सालीच्या पाण्यात घातलं आणि देवळात कौल लागला, गाव सोडायचा. तू म्हणालीस, हंड्यातच राहू दे, तीन दिवसांत रंग आणखी धरेल. ढोल वाजला, आणि गुरं, कोंबड्या, कुत्री घेऊन सगळा गाव व्हाळाच्या पाण्यापलीकडे कातळाच्या सड्यावर गेला. तीन दिवस तीन रात्री गावात कोणी जायचं नाही, चूल पेटायची नाही, गाव देवाचा. त्यात गैर काय आहे? मी आठ गावपळणी पाहिल्या. तुला तर त्या झावळांच्या खोपीत इतकं आवडलं होतं, हौसाबाईबरोबर फुगडी घालून पाय मुरगळून घेतलास.

चौथ्या दिवशी देवाने परतीचा कौल दिला नाही. पाचव्याही दिवशी नाही. हौसाबाईची गाभण म्हैस त्या उन्हात बसली ती उठलीच नाही. सहाव्या दिवशी गाव आत आला तर आपल्या शेडमागे दोरीवर कापड वाळत घातलेलं, हंडा रिकामा आणि बुडाला चिरलेला. कोणीतरी आत येऊन गेलं होतं, म्हणूनच कौल अडला असं सगळे म्हणायला लागले. सगळ्या गावपळणीत एक अख्खी दुपार सड्यावर कोण नव्हतं? धोंडू. आपल्याबरोबर खोपीत होता, पण पांढरा रंग संपला म्हणून दुसऱ्या दिवशी पिंगुळीला गेला होता. झालं. तो देवाशप्पथ घेत होता आणि लोक त्याचं तिकीट मागत होते. एसटीचं तिकीट कोण जपून ठेवतं?

जो आत गेला तो तुमच्या ऑर्डरच्या काळजीनेच गेला असेल. वाईट बुद्धीने नाही.

भिकाजीमामा


कट्टा, २१ डिसेंबर

संचिता,

तीन वेळा लिहून फाडलं. आज बाजाराचा दिवस आहे, गर्दी आहे. पुन्हा लिहितो.


कट्टा, ३ जानेवारी

चि. संचिता,

हौसाबाईच्या फोनवर तुझा निरोप आला. "मामाक सांग, पत्रां गावतत." पत्रं मिळतात. तेवढंच. तिने मला तो तीनदा ऐकवला, मी चौथ्यांदा ऐकव म्हटलं तर म्हणाली, "रेडियो आसा काय ह्यो?"

तेव्हा आता ऐक. मध्येच पत्र टाकून देऊ नकोस.

कापड हंड्यात नव्हतं. ढोल वाजायच्या दिवशी सकाळी मी हंडा चुलीवरून उतरवत होतो. तुला हात लावू दिला नाही, म्हटलं मला जमतं, तू हो पुढे. तो माझ्या हातून सुटला आणि दगडावर आपटला. बुडाला चीर गेली. तुझ्या आईचा हंडा. लक्ष्मीने लग्नात नेला होता आणि ती गेल्यावर तू तो देवगडहून एसटीत मांडीवर घेऊन आलीस. तुला सांगायचं कसं? पाणी गळायला लागलं, वर लोक हाका मारायला लागले. मी गोठ्यातली भात उकडायची लोखंडाची काहील ओढली आणि सगळं त्यात ओतलं. वर झाकण घातलं, झाकणावर पोतं टाकलं.

लोखंडाला ऐनाची साल लागली की काळं होतं, हे आपल्याला हौसाबाईनेच शिकवलं ना? तिचा बाप मासेमारीची सुती जाळी सालीत उकळायचा. "लोखंडात घातलास तर काळोख," असं ती किती वेळा म्हणाली होती. मला आठवलं, पण सड्यावर पोचल्यावर. पहिली रात्र डोळा लागला नाही. तुझे चाळीस शर्ट काळे पडत होते आणि तू खोपीत बसून मला पट्टीवरची अक्षरं दाखवत होतीस, बरी आली आहेत का म्हणून.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. पुरुष पत्त्यांना बसले, बायका आडव्या झाल्या. मी परसाकडे जातो म्हणून तांब्या घेऊन उठलो. व्हाळ ओलांडला, चपला हातात घेतल्या.

मी गेलो आत. तुझा मामा गेला.

हे लिहून झाल्यावर मी दुकानाचं दार थोडं लोटून घेतलं. लोकांना वाटेल मामा जेवतोय.

आता उरलेलं. माणसांशिवाय गाव कधी पाहिलायस? कोणी पाहिलेला नाही, मी सोडून. भर दुपार आणि एक हाक नाही. कोंबडा नाही, भांडं नाही, कोणाचा खोकला नाही. दारं सगळी लोटलेली. विहिरीच्या काठावर कावळा बसला होता, तो माझ्याकडे बघून उडालासुद्धा नाही. माझ्या पायाखाली पान मोडलं तरी मला दरदरून घाम फुटत होता. वाटत होतं प्रत्येक घरापुढच्या खळ्यात कोणीतरी बसलंय आणि माझ्याकडे बघतंय. मी खाली मान घालून चाललो, शाळेत उशिरा पोचलेल्या पोरासारखा.

काहील उघडली. अर्धं कापड काळं झालं होतं. काढलं, पिळलं, दोरीवर टाकलं, काहील घासून गोठ्यात पालथी घातली. परत आलो तेव्हा हातात तांब्या होता. कोणी विचारलंही नाही.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. कापड वाया गेलंच, ऑर्डर गेलीच, आणि आळ आला धोंडूवर, हंडा फोडल्याचासुद्धा. देवळात सगळे त्याच्यावर ओरडत होते तेव्हा मी खांबाला टेकून उभा होतो. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "मामा, तू तरी सांग, धोंडू असा करूचो नाय." मी म्हटलं, "माका काय म्हायत?" आठवतं? मला रोज आठवतं.

आणि वर आपली पट्टी, ज्याचा हात त्याचं नाव! माझ्या हाताचं काम धोंडूच्या नावावर लागलं आणि मी लावू दिलं. म्हैस मेली तेव्हा तर आणखीच तोंड शिवून बसलो. मला भीती वाटली गो. साठीनंतर गावाने वाळीत टाकलं तर जायचं कुठे? आणि न बोलता राहिलो तर काय मिळालं? शेडमध्ये काजं-बटणं करायला येणाऱ्या वाडीतल्या बायका यायच्या बंद झाल्या, धोंडू गेला, त्याच्यामागून तू गेलीस. तेव्हापासून माझ्या घरात तीच दुपार आहे. कौल लागत नाही आणि कोणी परत येत नाही.

नीज येत नाही, जेवण जात नाही, असं काही नाही. जेवतो. एकट्यापुरता भात शिजवायचा अंदाज अजून जमत नाही, उरतो.

भिकाजी


कट्टा, १९ जानेवारी

चि. संचिता,

काल पिंगुळीला गेलो होतो. गावाला सांगायच्या आधी धोंडूला सांगायचं ठरवलं. काळं झालेल्या कापडातला एक शर्ट शिवून नेला, रिकाम्या हाताने कसं जायचं.

तो ओटीवर चित्राचा कागद दगडाने घोटत बसला होता. "पाणी पी आधी," म्हणाला. पाणी प्यालो. मग सगळं सांगितलं, हंड्यापासून तांब्यापर्यंत. तो घोटत राहिला. मी म्हटलं, काहीतरी बोल रे बाबा, शिव्या दे. तो म्हणाला, "मामा, एक वर्ष माझी आवस बाजारात मान वर करून चलूक नाय. तिका सांग." त्याच्या आईला आत जाऊन सांगितलं. त्या म्हातारीने पदराने डोळे पुसले आणि ती चुलीकडे वळली. त्यापेक्षा तिने पाटा फेकून मारला असता तर बरं झालं असतं.

निघताना म्हटलं, देवळात सांगतो, मग ये परत. "मी येवचंय नाय," धोंडू म्हणाला. "त्या शेडीत माझा हात चलाचो नाय आता." मी शर्ट उचलायला गेलो तर म्हणाला, "तो ठेव थंय."

एसटीत माझ्याशेजारची जागा रिकामी होती. कट्ट्यापर्यंत कोणी बसलं नाही. उगाच काहीबाही वाटत राहिलं.

पौर्णिमेला देवळात गाव जमेल. तेव्हा.

भिकाजी


कट्टा, ३ फेब्रुवारी

चि. संचिता,

सांगितलं.

पौर्णिमेला सकाळी धुतलेलं धोतर नेसलो, मग वाटलं लोक म्हणतील हा काय लग्नाला आलाय, म्हणून पँट घातली. सभामंडपात सगळे होते. गुरुदास मानकऱ्याने नेहमीचं गाऱ्हाणं घालायला नारळ हातात घेतला, तेवढ्यात मी पुढे गेलो आणि म्हटलं, थांब, माझंपण घाल. आणि मग माईकवाल्यासारखं मोठ्याने, कारण हळू बोललो असतो तर अर्ध्यावर थांबलो असतो. "गावपळणीत आत गेलो तो मी. भिकाजी. हंडो माझ्या हातसून फुटलो. धोंडू थंय नव्हतोच."

एवढी माणसं आणि आवाज नाही. मला तो आवाज ओळखीचा होता, मी त्यात चालून आलोय.

मग सुरू झालं. एकाने माझ्या बापाचा उद्धार केला, दुसऱ्याने म्हशीची आठवण काढली. तेवढ्यात हौसाबाई उठली. मला वाटलं आता ही चप्पल काढते. ती म्हणाली, "म्हस माझी मेली, तुमी कित्याक आरडतास?" आणि माझ्याकडे वळून, "माका म्हायत होता. सड्यावर परत इलंस तेव्हा तुझ्या बोटांक काळो रंग होतो. लोखंडाचो."

मी म्हटलं, मग बोललीस कित्याक नाय?

"तू बोलशीत म्हणान वाट बघी होतंय," ती म्हणाली. "वरस लावलंस मेल्या." मग सगळ्यांकडे वळून म्हणाली, "त्या पिंगुळीच्या झीलाची माफी माकापण मागूची आसा. मीपण गप ऱ्हवलंय." खाली बसली आणि पदर तोंडाला लावला.

गुरुदासने नारळ वर धरला. "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान तुझो कायदो मोडल्यान, ती चूक पदरात घी रे म्हाराजा!" कोणी साद दिली नाही. मी डोळे मिटले. गाऱ्हाण्याला साद नाही मिळाली तर ते तिथेच लोंबकळत राहतं, ठाऊक आहे ना. मग बायकांच्या बाजूने एकटी हौसाबाई म्हणाली, "व्हय म्हाराजा!" गुरुदास पुढे म्हणाला, "आणि त्या धोंडूवर जो खोटो आळ इलो, तो ह्या गावान घातलो, तो दूर कर रे म्हाराजा!" ह्यावेळी सगळे म्हणाले. खांब हलले असं वाटलं.

शिक्षा अशी आहे. पुढच्या गावपळणीत सगळ्यांत आधी मी गाव सोडायचा आणि सगळ्यांत शेवटी आत यायचं. आणि धोंडूच्या घरी गावाच्या वतीने नारळ घेऊन पाच जणांनी जायचं. ते काल जाऊन आले.

मी घरी आलो. भात टाकला. त्या दिवशी अंदाज बरोबर आला, एकट्यापुरताच झाला. ते बघून मात्र मला रडू आलं.

भिकाजीमामा


कट्टा, २० फेब्रुवारी

चि. संचिता,

ह्या पत्राबरोबर पार्सल आहे. आधी पत्र वाच.

काल थांब्यावर पिंगुळीच्या गाडीच्या कंडक्टरने मला हाक मारून एक पुडकं दिलं. आत तो शर्ट. धोंडूने चिठ्ठीबिठ्ठी काही लिहिलेली नाही. पण पाठीवर, जिथे कापड काळं झालंय ना, तिथे पांढऱ्या आणि तांबड्या रंगात चित्र काढलंय. आपलाच गाव आहे. दारं लोटलेली, विहिरीवर कावळा. मधून एक शिंपी चाललाय, चपला हातात, बगलेत तांब्या, मान खाली. आणि प्रत्येक खळ्यात, प्रत्येक पायरीवर देव बसलेत, मोठे मोठे डोळे करून त्याच्याकडे बघतायत. एकाने तर हसू आवरायला तोंडावर हात धरलाय. मी धोंडूला त्या दिवशी सांगितलं होतं, कोणीतरी बघतंय असं वाटत होतं म्हणून. त्याने ते ठेवलं.

हौसाबाईला दाखवलं. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "एवढे देव होते आणि एकान तरी तुका तंगडीत तंगडी घालून पाडूचो!"

धोंडू येईल असं मला वाटत नाही. हात चालेल तेव्हा चालेल. पिंगुळीला बसून काढतो म्हणाला तरी पुरे, कापड मी नेऊन देईन. हंडा कुडाळच्या तांबटाकडे टाकलाय, डाग देऊन मिळेल, पण डाग दिसणार म्हणाला. म्हटलं दिसू दे. शेड झाडली. हौसाबाई पुढच्या आठवड्यात साल आणते म्हणाली आहे. वाडीतल्या दोघी काल दारातून डोकावून गेल्या, आत आल्या नाहीत.

तू सांगितलं होतंस त्याप्रमाणे झालंय, पण मी तुला शब्दात पकडणार नाही. उंबऱ्यावर रागात बोललेलं काही कोर्टाचा कागद नसतो. दिवसाला दोन हजार कॉलर तपासणाऱ्या पोरीला रजा मिळते की नाही तेही मला माहीत नाही. पण मला तू हवी आहेस. हे मी तुझ्या आईलासुद्धा कधी म्हटलं नव्हतं, ती देवगडला गेली तेव्हा. म्हणायला हवं होतं.

शर्टाच्या कॉलरच्या आत बघ. पट्टी मीच लिहिली आहे, अक्षर वाकडं आहे, चालवून घे.

रंग : हौसाबाई
चित्र : धोंडू
शिवण : भिकाजी
हंडा फोडला, कापड लोखंडात घातलं आणि देवाच्या गावातून चोरून काढलं : भिकाजी

पट्टी शिवलेली नाही, टाचणीने लावली आहे. सांभाळून, टोचेल. पट्टी शिवायचं काम तुझं, त्याला मी हात लावलेला नाही. तुझी कात्री खिळ्याला आहे.

मामा